जुनी थकबाकी, मावसभावाचा ट्रॅक्टर आणि नवं घर

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढून):

मी मूळचा केज तालुक्यातला, वय ३७. वाळूजला एका कारखान्यात मशीन ऑपरेटर आहे. बायको घरून डबे देते. दोन लेकरं, भाड्याच्या दोन खोल्या. एक वन बीएचके पसंत पडलाय, त्याला अठरा लाखांचं कर्ज लागेल. दोन महिन्यांत पाच ठिकाणी अर्ज केले, पाचही ठिकाणी ‘सिबिल खराब’ म्हणून परत पाठवलं. रिपोर्टवर तीन भानगडी निघाल्या.

पहिली, २०१४ च्या जानेवारीत फायनान्सवर घेतलेली मोटारसायकल. कर्ज ४६,००० रुपये, हप्ता २,४५० चा, असे चोवीस. अठरा भरले. २०१५ च्या ऑगस्टपासूनचे सहा राहिले. त्या साली पाऊस नव्हता, गावाकडं सोयाबीन करपलं होतं आणि वडील दवाखान्यात होते. आता त्या खात्यापुढं ‘राइट-ऑफ १४,७००’ असं दिसतं. म्हणजे कर्जमाफीसारखं माफच झालं ना? मग वसुलीवाला ४३,००० कसे मागतो? आणि तोच ‘९,००० द्या, मिटवून टाकू’ असंही कसं म्हणतो?

दुसरी, २०१९ मध्ये मावसभावाच्या ट्रॅक्टरला जामीन राहिलो. ते कर्ज थकलंय, साडेचार लाखांच्या वर बाकी आहे आणि ती माझ्या रिपोर्टवर दिसते. मी तर फक्त सही केली होती. तिसरी, एका मोबाइलचं कर्ज. तो मोबाइल मी घेतलेलाच नाही.

दाजी म्हणतात, ‘सात वर्षं झाली की आपोआप पुसलं जातं. हात लावू नको, हात लावला की मेलेलं कर्ज जिवंत होतं.’ एक एजंट १२,००० रुपयांत सिबिल साफ करून देतो म्हणतो. गावाकडं आईला वसुलीचे फोन जातात. मी बुडव्या नाही, पण आता स्वतःलाच तसं वाटायला लागलंय. आधी काय भरू?

---

भाऊ,

तुमच्या मूळ पत्रात ‘बुडव्या’ हा शब्द तीनदा आलाय, वर मी एकदाच ठेवला. बँकेत माझी पंचवीसेक वर्षं गेली, त्यातली बरीचशी वसुलीच्या टेबलावर. खरे बुडवे जवळून पाहिलेत. ते चार पानी पत्र लिहीत नाहीत आणि आईला फोन जातात याची त्यांना लाजही वाटत नाही. त्यामुळे तो शब्द आपण इथंच सोडू.

मांजरा धरण तुमच्याच तालुक्यात, धनेगावला. त्या दुष्काळात ते कोरडं पडलं आणि २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या साली बापाच्या औषधपाण्याला पैसे पाठवून ज्यांनी गाडीचा हप्ता चुकवला, असे तुम्ही एकटे नव्हता. पण रिपोर्टला पाऊसपाणी कळत नाही. तिथं दर महिन्याच्या चौकटीत एवढंच लिहिलेलं असतं, की हप्ता किती दिवस थकला. त्यात का थकला याला रकाना नाही. म्हणून त्या कागदाकडं स्वभावाचा दाखला म्हणून बघू नका. तो हिशेब आहे, आणि हिशेबात चुकाही असतात.

‘आधी काय भरू?’ असं तुम्ही विचारता. आधी काहीच भरू नका. भरण्याआधी तीन गोष्टी कळायला हव्यात: हे कर्ज खरंच माझं आहे का, ते आज कोणाच्या ताब्यात आहे, आणि पैसे दिल्यावर रिपोर्टवर नेमकं काय लिहिलं जाणार आहे. हे न विचारता घाईनं पैसे भरून पुन्हा तिथंच अडकलेली माणसं मी खूप पाहिलीत.

आपल्याकडं सगळ्यालाच ‘सिबिल’ म्हणतात, पण कोणी कर्ज घेतलं आणि कसं फेडलं ही माहिती ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. वर्षातून एकदा प्रत्येकीकडून स्वतःचा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो तुमचा हक्क आहे. चारही काढा. तुम्हाला एका बँकेनं एकाच कंपनीचा दाखवलाय; दुसऱ्यावर वेगळं काही निघू शकतं. आणि पाच बँका फिरणं आज थांबवा. प्रत्येक अर्जामागं चौकशीची नोंद पडते. दोन महिन्यांत पाच नोंदी दिसल्या की सहाव्या मॅनेजरला वाटतं, हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय.

आता मोटारसायकल.

‘राइट-ऑफ’ला माफी समजण्यात तुमची चूक नाही. मराठवाड्यात हा घोळ फार आहे आणि त्याला कारणही आहे. २००८ ची केंद्राची कर्जमाफी, २०१७ ची दीड लाखापर्यंतची, २०१९ च्या डिसेंबरात जाहीर झालेली दोन लाखांपर्यंतची, अशा तीन माफ्या आपण पाहिल्या. त्यांत सरकारनं शेतकऱ्याच्या वतीनं बँकेला पैसे दिले आणि तेवढं कर्ज फिटलं. त्या शेतीकर्जाच्या होत्या, गाडीच्या हप्त्याचा त्यांच्याशी संबंध नाही. राइट-ऑफमध्ये कोणीच पैसे देत नाही. कंपनी आपल्या वहीत लिहिते, की ही रक्कम येईल असं आता धरत नाही, तोट्यात टाकली. ती तिच्या ताळेबंदाची सोय झाली. तुमच्याकडून मागण्याचा हक्क तिनं सोडलेला नसतो.

दाजींचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्या सल्ल्यानं माणूस जास्त फसतो. मुदतीच्या कायद्यानं, म्हणजे १९६३ च्या लिमिटेशन ॲक्टनं, अशा कर्जासाठी दावा लावायला साधारण तीन वर्षं असतात. तुमचा शेवटचा हप्ता २०१६ च्या जानेवारीत देय होता, म्हणजे २०१९ मध्येच मुदत गेली. अर्थात मधल्या काळात कंपनीनं दावा लावला नसेल आणि तुम्ही काही लिहून दिलं नसेल तर. मुदतीच्या आत कर्जदारानं लेखी कबुली दिली किंवा थोडे पैसे भरले तर तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात. मुदत संपल्यावर थोडेफार भरल्यानं ती परत येत नाही, पण ‘मी हे कर्ज फेडीन’ असं सहीनिशी लिहून दिलं तर तो नवा करार ठरतो आणि त्यावर दावा चालतो. दाजींनी कुणाचं तरी असं झालेलं पाहिलं असणार. त्यामुळे वसुलीवाल्यानं पुढं केलेल्या कुठल्याही कागदावर, ‘नुसती भेट झाल्याची नोंद आहे’ म्हणाला तरी, न वाचता सही करू नका.

सात वर्षांचं मात्र त्यांनी उलटं ऐकलंय. नियम माहिती किमान सात वर्षं जपून ठेवायला सांगतो. सात वर्षांनी पुसा, असं तो म्हणत नाही. कंपनी थकबाकी कळवत राहिली तर नोंद दिसत राहते, तुमच्याच रिपोर्टवर बघा. आणि मुदत गेली म्हणजे कोर्टाचा रस्ता बंद झाला, देणं संपलं असं नाही. नवी बँक तुम्हाला कोर्टात खेचायला बसलेली नाही. तिला एवढंच बघायचंय, की जुनं मिटवलंत का.

मग भरावं का? कायद्यानं तुम्हाला कोणी ओढू शकत नसेल तरी, माझं मत विचाराल तर भरा. गाडी तुम्ही वापरलीत, अठरा हप्ते देऊन सहा राहिले, आणि आज तुम्हाला ते झेपतं. पण ४३,००० नव्हे. तो आकडा दंड, दंडावर व्याज आणि ‘मागून तर बघू’ याची बेरीज आहे. आणि घाईघाईनं ९,००० सुद्धा नव्हे.

नऊ हजारांवर थोडं थांबू, कारण इथं पुष्कळ जण फसतात. पूर्ण देण्यापेक्षा कमी घेऊन खातं मिटवलं की रिपोर्टवर ‘सेटल्ड’ लिहिलं जातं. ऐकायला गोड शब्द आहे. बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ, ‘या माणसाकडून पूर्ण पैसे आले नाहीत, आम्ही नाद सोडला.’ पूर्ण भरलं तर खातं बंद आणि शिल्लक शून्य दिसते. राइट-ऑफची जुनी खूण इतिहासात तरीही काही काळ राहते, पण तिच्यापुढं ‘नंतर भरलं’ हे दिसतं. तुमच्या बाबतीत दोन्हींत फरक ५,७०० रुपयांचा. अठरा लाखांच्या कर्जावर व्याजाचा दर एका टक्क्यानं जरी चढा लागला, तरी पहिल्याच वर्षी अठरा हजारांच्या आसपास जास्त जातात. इथं ५,७०० वाचवणं मला शहाणपणाचं वाटत नाही. ज्यांची थकबाकी लाख-दोन लाख आहे आणि पदरात काहीच नाही, त्यांनी हे गणित वेगळं मांडावं. त्यांच्यासाठी ‘सेटल्ड’ हीच सुटका असू शकते, आणि त्यात कमीपणा नाही.

करायचं कसं? फोनवर काही ठरवायचं नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल किंवा रजिस्टर पत्र पाठवा. मजकूर साधारण असा ठेवा: ‘माझ्या क्रेडिट रिपोर्टवर आपल्या संस्थेच्या अमुक क्रमांकाच्या खात्याची शिल्लक दिसते. या खात्याचा पूर्ण उतारा, करारपत्राची प्रत आणि मागणी केलेल्या रकमेची फोड कळवावी. हे खाते दुसऱ्या संस्थेला विकले असल्यास तिचे नाव व त्याचा पुरावा द्यावा. हे पत्र केवळ माहितीसाठी आहे. यात कोणत्याही रकमेची कबुली अथवा ती भरण्याचे वचन नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नका, दाजींची अर्धी खरी भीती त्यानंच मिटते.

विकल्याचं मी मुद्दाम विचारायला लावते. जुनी बुडीत कर्जं फायनान्स कंपन्या गठ्ठ्यानं मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकतात. मग मूळ कंपनीत भरलेले पैसे चुकीच्या दारात पडतात. कधी एकच कर्ज रिपोर्टवर दोन नावांनी उभं दिसतं, मूळ कंपनीचं आणि विकत घेणाऱ्याचं. विकून झाल्यावरही मूळ कंपनी शिल्लक दाखवत असेल तर ती चूक आहे, तक्रार करा.

उत्तर आलं की तुमच्या बाजूनं प्रस्ताव ठेवा: रिपोर्टवर दिसणारे १४,७०० एकरकमी देतो, दंड सोडा आणि खातं पूर्ण भरून ‘बंद’ झाल्याचं कळवा. हे लेटरहेडवर लेखी आलं पाहिजे, पैसे देण्याच्या आधी. पैसे कंपनीच्या नावानं, बँकेतून. वसुलीवाल्याच्या फोनपेवर एक रुपयाही नाही. ते ‘सेटल्ड’वरच अडून बसले, तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टातली राष्ट्रीय लोकअदालत हा एक रस्ता आहे. दावा दाखल नसलेली प्रकरणंही तिथं घेतात आणि फी लागत नाही. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून रिपोर्टवर काय कळवायचं ते तडजोडीच्या कागदातच लिहून घ्या.

पैसे भरल्यावर ना-देय दाखला घ्या, आणि आपली माणसं जे हमखास विसरतात तेही करा: गाडीच्या आरसीवरचा कंपनीचा एचपी, म्हणजे गाडी कर्जाला तारण असल्याची नोंद, उतरवून घ्या. गाडी भंगारात दिली असेल तर सोडा. दारात उभी असेल तर कंपनीचं पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत जावं लागेल.

आता ट्रॅक्टर. तुम्ही पत्रात याला चार ओळी दिल्यात, मोटारसायकलला दीड पान. माझ्या मते ते उलटं हवं होतं. १४,७०० हा एका पगारात मिटणारा विषय आहे. घराच्या वाटेत खरा धोंडा साडेचार लाखांचा आहे, आणि त्याच्याकडं बघायचं तुम्ही टाळताय कारण तिथं मावशी उभी आहे.

‘फक्त सही केली होती’ हे वाक्य मी टेबलापलीकडून इतक्यांदा ऐकलंय! जामीन म्हणजे साक्षीदार, असंच गावाकडं धरतात. चहा येतो, कागद येतो, ‘इथं एक सही कर’ म्हणतात, नाही म्हटलं तर सोयरिकीत वाकडं येतं. पण १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँकेनं आधी मावसभावाला पूर्ण पिळून मग तुमच्याकडं यावं, असं बंधन तिच्यावर नाही. तुमच्या रिपोर्टवर ते खातं ‘जामीनदार’ या नात्यानं दिसतं आणि थकलं की थकलेलंच दिसतं. चालू कर्जातून ‘माझं नाव काढा’ असा अर्ज देऊनही उपयोग नसतो. बँकेला पटेल असा दुसरा जामीनदार किंवा तारण आणलं तरच ती विचार करते.

पहिल्यांदा एक बघा. गावाकडं तुमच्या नावावर जमीन असेल तर सातबारा काढा आणि ‘इतर हक्क’ वाचा. जामिनापोटी तुमच्या गटावर बोजा चढवलेला नाही ना? कधी कधी लोकांना तो जमीन विकायला काढल्यावर कळतो. मग बँकेत जाऊन जामीनदार म्हणून लेखी अर्ज द्या: खात्याचा उतारा, जामीनपत्राची प्रत आणि आजवर काय कारवाई झाली त्याची माहिती. मावसभाऊ सांगतो तो आकडा आणि उताऱ्यावरचा आकडा वेगळे असतील, यावर मी पैज लावते. इथं आणखी एक: कर्ज सहकारी बँकेचं किंवा पतसंस्थेचं असेल तर मुदतीचा विचार करून गप्प बसू नका. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला की महसुली थकबाकीसारखी वसुली होते, आणि तो दाखला तुमच्याही नावानं निघू शकतो.

यानंतर मावसभावाशी बोलायचं. ओसरीवर चार माणसांत नको, तिथं तो मान वाचवायला बोलेल. दोघंच बसा, मध्ये उतारा ठेवा. तुम्ही लिहिलंय की ट्रॅक्टर अजून उसाच्या वाहतुकीला चालतो आणि ‘उचल (आगाऊ पैसे) घेऊन ऊसतोडीची टोळी आलीच नाही, म्हणून हप्ते थकले’ असं तो म्हणतो. खरं असू शकतं. बीड जिल्ह्यात उचलीचे पैसे बुडाले म्हणून आडवे झालेले ट्रॅक्टरवाले मी पाहिलेत. पण चाकं फिरतायत तोवर पैसा येतोय. गाळपाच्या हंगामात कारखान्याकडून वाहतुकीची बिलं निघतात. ती ज्या खात्यात जमा होतात ते याच बँकेत उघडून त्यातला ठरलेला भाग कर्जाला वळवायचा, असा प्रस्ताव घेऊन तुम्ही दोघं मॅनेजरपुढं बसा. कर्जदार आणि जामीनदार एकत्र येऊन आकडा मांडतात हे आमच्या टेबलावर क्वचित घडायचं. घडलं की साहेब खुर्चीत सरळ बसायचे. ट्रॅक्टर नुसता दारात उभा असेल तर मात्र बँकेच्या संमतीनं तो विकायला लावा. ओढून नेऊन लिलावात गेला तर निम्मी किंमत येणार नाही आणि उरलेली बाकी तुमच्या दोघांच्या डोक्यावरच राहील.

एकरकमी तडजोड झाली, तर जामीनदाराच्या रिपोर्टवर काय कळवणार हे बँकेकडून आधी लेखी घ्या. हे कोणी विचारत नाही आणि नंतर जो तो कपाळावर हात मारतो.

तुम्ही स्वतः काही रक्कम टाकायची का? थकलेले हप्ते भरून खातं नियमित होत असेल आणि तेवढ्यानं तुमचं घर मोकळं होत असेल, तर एखादा लाख टाकणं व्यवहाराचं ठरू शकतं. पण पत्नीशी बोलून. तिच्या डब्यांचे पैसे मावशीच्या शब्दाखातर जाणार असतील तर तो निर्णय तुमचा एकट्याचा नाही. पैसे मावसभावाच्या हातात नाही, थेट कर्जखात्यात भरा आणि पावतीवर जामीनदार म्हणून तुमचं नाव टाकून घ्या. जामीनदारानं जे रीतसर भरलं ते कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क त्याच करार कायद्याचं कलम १४५ देतं. तुम्ही तो वापराल असं मला वाटत नाही. पण पावती घरात असली की पुढच्या दिवाळीला बोलणं सोपं जातं.

मावशी नाराज होईल, ही भीती पत्रात दोन ठिकाणी डोकावते. तुम्ही तिच्या मुलाला बँकेत ओढत नाही आहात. तो थकलाय म्हणून बँक तुम्हाला ओढतेय. सात वर्षांपूर्वी सही करताना तुम्ही नातं राखलंत, आता थोडं राखायची पाळी त्यांची आहे. एवढं मावशीला तुम्ही स्वतः जाऊन, तिच्याच चुलीशी बसून सांगा. निरोप पाठवू नका.

मोबाइलचं कर्ज हा त्या मानानं साधा विषय. ज्या कंपनीच्या रिपोर्टवर ते दिसतं तिच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, फुकट असते, आणि कर्ज देणाऱ्या संस्थेलाही लिहा. ती माहिती क्रेडिट कंपनी स्वतःच्या मनानं बदलू शकत नाही, कर्ज देणाऱ्याला विचारून बदलते. नावातल्या किंवा पॅन क्रमांकातल्या गोंधळानं दुसऱ्याचं कर्ज चिकटलेलं असतं, किंवा कुणीतरी तुमची कागदपत्रं वापरलेली असतात. दुसरी शंका असेल तर १९३० वर सायबर तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढच्या दर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ च्या एप्रिलपासून लागू आहे. म्हणून तक्रारीची तारीख आणि क्रमांक लिहून ठेवा. उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही तर पुढं रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, तिथंही पैसे लागत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा नंबर.

यावरून एजंटाचं १२,००० चं काम काय असणार ते तुमच्या लक्षात आलं असेल. जी तक्रार फुकट होते तीच तो करणार, किंवा खऱ्या कर्जाला खोटं म्हणून तक्रार टाकणार. ती नोंद पडताळणीत परत येते, पैसे येत नाहीत. वर तुमचं आधार, पॅन आणि ओटीपी त्याच्या हातात. मोबाइलचं कर्ज अशाच कुणाच्या हातून चढलं नसेल कशावरून?

आईला जाणाऱ्या फोनांबद्दल. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करता येत नाही. कर्जदाराच्या घरच्यांना त्रास देणं, चारचौघांत अपमान करणं रिझर्व्ह बँकेच्या नियमात बसत नाही. फोनची तारीख, वेळ, नंबर टिपून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला त्याच पत्रात कळवा. आणि आईला सांगून ठेवा, की फोनवर ‘हो, द्यायचेत’, ‘नाही, द्यायचे नाहीत’ यातलं काहीच बोलायचं नाही. ‘पोराशी बोला’ म्हणायचं आणि ठेवायचा.

मग सिबिलचा स्कोअर, म्हणजे परतफेडीचे गुण, बँका मागतात तसा ७५० कधी होईल? एका झटक्यात होणार नाही. २०२५ च्या जानेवारीपासून बँका किमान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवतात, त्यामुळे खातं बंद झाल्याचं पूर्वीपेक्षा लवकर दिसेल. पण स्कोअर हळूहळू चढतो. ७५० हा आकडा कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही, प्रत्येक बँकेचं आपलं धोरण असतं. स्कोअर मधला असला तरी ना-देय दाखला, पगाराच्या चिठ्ठ्या आणि वर्षभराचा स्वच्छ उतारा हातात असलेल्या माणसाचं मॅनेजर ऐकून घेतो. वर्षभर एक छोटं काहीतरी वेळेवर फेडत राहा. मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड घेऊन त्यावर किराणा भरला आणि दर महिन्याला पूर्ण फेडला तरी चालेल. पत्नीचाही रिपोर्ट काढा. बचत गटातून तिनं कर्ज घेऊन फेडलंय असं लिहिलंय, ते तिथं उमटलंय का बघा. सहअर्जदार म्हणून तिचं नाव कामाला येईल, पण तुम्ही सोबत असाल तर बँक तुमचाही रिपोर्ट बघणारच.

म्हणजे हे घर या दिवाळीला होत नाही. तोच फ्लॅट हवा, आत्ताच हवा, हे तुम्ही धरून चाललात, आणि त्या घाईतूनच पाच अर्ज झाले आणि एजंट दारात आला. बयाणा दिलाय का, हे पत्रात नाही. दिला नसेल तर देऊ नका. कर्ज मंजूर झाल्याशिवाय बिल्डरच्या माणसाला ‘बघू’ एवढंच म्हणा. दिला असेल तर पावती शोधा, आणि कर्ज न मिळाल्यास तो परत मिळण्याबद्दल तिच्यावर काय लिहिलंय ते वाचा. रेरा कायद्यानं नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. त्याहून जास्त गेले असतील तर मला पुन्हा लिहा, या वेळी पावतीची झेरॉक्स जोडून.